संप मिटला नाही, गिरणी बंद झाली नाही : गिरणगावातल्या रोजगाराचं एक प्रकरण

आमच्या मजल्यावरचे तात्या नऊ वर्षं बदली कामगार होते. सकाळी सातच्या पाळीसाठी ते सव्वासहालाच गिरणीच्या गेटवर जाऊन उभे राहत. हातात बदली कार्ड, बगलेत डबा. भोंगा झाला, कायम कामगार आत गेले, की मग कळायचं आज कुणाचा खाडा आहे. साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, तिघं आले नसतील, तर बाहेरच्या चाळीस जणांतले तिघं आत. उरलेले कार्डावर हजेरीचा शिक्का घ्यायचे आणि दुपारच्या पाळीला पुन्हा गेटवर. शिक्का चुकवून चालायचं नाही. हजेरी तुटली की यादीत नाव खाली जायचं. म्हणजे काम नसलं तरी कामाला जावंच लागायचं. कित्येकदा डबा तसाच घरी परत यायचा आणि काकू काही न बोलता तो उघडायच्या.

तात्या १९७९ साली कायम झाले. पेढे वाटले होते. त्यानंतर तीन वर्षं पुरी व्हायच्या आत, १८ जानेवारी १९८२ ला, मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला.

एखाद्या भागातला रोजगार कोसळला तर तो पुन्हा कसा उभा राहतो, याचा विचार करताना मला दरवेळी हेच प्रकरण आठवतं. गिरणगाव, म्हणजे मध्य मुंबईतला गिरण्यांचा पट्टा, आज बघितलं तर सावरलेलं दिसतं. लोअर परळच्या पुलावर सकाळी नऊ वाजता चालायला जागा नसते, इतकी माणसं कामाला येतात. नोकऱ्या आहेत, पगार आहेत, इमारती चढताहेत. पण १९८२ साली ज्यांचं काम गेलं त्यांच्यापुरतं विचारलं, तर चित्र पार वेगळं निघतं. या दोन चित्रांमधलं अंतर कुठून आलं, हे मला इथे मांडायचं आहे. याचं एक मोठं कारण लोकांना वाट बघायला लावण्यात आहे, असं माझं मत आहे, आणि ते मी शेवटपर्यंत सोडणार नाही.

काय होतं

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवला उभी करायला घेतली आणि १८५६ मध्ये तिचं उत्पादन सुरू झालं. तिथून सव्वाशे वर्षांत भायखळा, लालबाग, परळ, चिंचपोकळी, शिवडी, वरळी, प्रभादेवी हा सगळा पट्टा गिरण्यांनी भरला. संपाच्या वेळी ५८ गिरण्या, सुमारे ६०० एकर जमीन आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार होते.

आकडा मोठा आहे, पण रोजगाराची रचना आकड्यात दिसत नाही. कामगार आले ते मुख्यतः रत्नागिरी-सिंधुदुर्गातून, साताऱ्यातून, कोल्हापुरातून. बरेचसे एकटे. बायकामुलं गावी, आणि हे इथे गावकीच्या खोलीत. एका खोलीत वीस-पंचवीस जण, भिंतीला टांगलेल्या पेट्या, आणि पाळीप्रमाणे झोपणं. रात्रपाळीवाला घरी आला की दिवसपाळीवाल्याची वळकटी गुंडाळलेली असायची. जेवायला खानावळ. खानावळ म्हणजे हॉटेल नव्हे; बाजूच्या खोलीतली एखादी बाई आठ-दहा जणांचं दोन वेळचं रांधायची आणि महिन्याला पैसे घ्यायची. वाणी उधारीवर माल द्यायचा, दहा तारखेला पगार झाला की खातं मिटायचं, उरलेल्याची मनीऑर्डर गावी.

म्हणजे एका साचेवाल्याच्या पगारावर खानावळवाली, वाणी, भांडीवाला, गावचा शेतीतला खर्च आणि धाकट्या भावाची शाळा असं सगळं चालत होतं. गिरणी बंद पडली तर अडीच लाख माणसं बेकार होतील, हा हिशेबच अपुरा होता.

बायकांचं आणखी एक. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचातली एक कामगार बाई होती, प्रामुख्याने वाइंडिंग आणि रीलिंग, म्हणजे सूत गुंडाळायच्या, खात्यांत. पुढे नवी यंत्रं आली, बायकांना रात्रपाळीची बंदी होतीच, आणि ऐंशी सालापर्यंत गिरणीत बाई क्वचितच दिसू लागली. तेव्हा संपात ज्यांची नोकरी गेली त्यांत बायका थोड्या दिसतात. पुढची पंधरा वर्षं घरं कुणी चालवली, ते मात्र पुढे येईल.

संप

१९८१ च्या दिवाळीत बोनसवरून काही गिरण्यांत असंतोष उसळला. कामगार युनियनचे नेते डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे गेले. सामंतांनी इंजिनीअरिंगच्या कारखान्यांत मोठमोठ्या पगारवाढी मिळवून दिलेल्या होत्या, आणि गिरणी कामगाराला आपला पगार शेजारच्या औषध कंपनीतल्या कामगारापेक्षा किती मागे पडला आहे, हे चाळीत रोज दिसत होतं. अडचण कायद्याची होती. मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ प्रमाणे कापड उद्योगात एकाच संघटनेला मान्यता होती, ती राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. मालकांनी बोलायचं तर फक्त तिच्याशी. लाखो कामगार ज्याच्या मागे उभे होते त्याच्याशी कायद्याने कुणी वाटाघाट करू शकत नव्हतं, आणि कायद्याने जिच्याशी करता येत होती तिच्यामागे कामगार नव्हते.

कामगारांची मागणी पगाराइतकीच या कायद्याविरुद्धही होती. सरकार हललं नाही. हा कायदा इथे मोडला तर गोदी, बंदर, सरकारी कारखाने सगळीकडे पडसाद उमटतील, ही धास्ती दिल्लीपर्यंत होती.

इतका मोठा संप इतका काळ टिकला तो गावाच्या जिवावर. पहिले तीन-चार महिने संपल्यावर लोक गावी गेले. तात्याही जूनमध्ये भातलावणीला देवरुखकडे गेले. गावाहून आलेलं तांदूळ-नाचणी चाळीत वाटली जात होती. शहरातल्या बेकारीला गावाने पोटात घेतलं. पण त्यामुळे ती बेकारी दिसेनाशीही झाली. अमेरिकेतल्या राज्यांचा १९९२ साली एक गाजलेला अभ्यास झाला. त्यात असं दिसलं होतं, की एखाद्या राज्यातला रोजगार घटला की पाच-सात वर्षांत तिथला बेकारीचा दर पुन्हा सरासरीवर येतो. पण तो बव्हंशी नोकऱ्या परत आल्यामुळे येत नाही. माणसं निघून गेल्यामुळे येतो. गिरणगावात तेच घडलं, फक्त आपल्याकडे जाणारा माणूस नव्या राज्यात नव्या नोकरीवर जात नव्हता. तो आई-वडिलांच्या दोन एकरांत आणखी एक वाटेकरी म्हणून जात होता.

न मिटलेला संप

आता मूळ मुद्दा. हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही.

१९८३ च्या मध्यापर्यंत तो विरून गेला. गिरण्या थोड्याथोड्या सुरू झाल्या. मालकांनी यादी लावून माणसं बोलावली, निवडून निवडून बोलावली. परत जाणाऱ्यांना जुन्या नोकरीची सलगता मिळेलच असं नव्हतं. लाखभर कामगारांना परत घेतलंच नाही, असं साधारणपणे मानलं जातं. तात्यांचं नाव यादीत नव्हतं. गेटवर विचारलं तर उत्तर मिळालं, "नव्याने बदली म्हणून लागायचं असेल तर बघू." तेरा वर्षांच्या नोकरीनंतर माणूस पुन्हा सव्वासहाच्या रांगेत.

आणि तात्या उभे राहिले. हे मला फार दिवस समजत नव्हतं, की दुसरं काही का नाही केलं? आता समजतं. ग्रॅच्युइटी मिळालेली नव्हती, प्रॉव्हिडंट फंड अडकलेला होता, आणि नोकरी गेली असं कुणीही लिहून दिलेलं नव्हतं. दुसरीकडे लागावं आणि इकडे समेट होऊन "हजर व्हा" असं आलं तर? ऑक्टोबर १९८३ मध्ये केंद्र सरकारने मुंबईतल्या १३ गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं तेव्हा ही आशा आणखी वाढली. सरकार आलं म्हणजे आता सुरळीत होणार, असं अख्ख्या मजल्याला वाटलं. त्या गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण व्हायला १९९५ साल उजाडलं, आणि तोवर साचे गंजले होते.

डिसेंबर १९८४ च्या निवडणुकीत डॉ. सामंत दक्षिण मध्य मुंबईतून लोकसभेवर निवडून आले. देशभर काँग्रेसची लाट असताना गिरणगावाने त्यांना निवडून दिलं. संप हरलेला नाही, असं कामगारांना वाटत होतं याचा याहून मोठा पुरावा मला सुचत नाही.

काम गेलं कुठे

कापड विणणं काही थांबलं नव्हतं. संपाच्या काळात अनेक गिरण्यांनी भिवंडीच्या यंत्रमागांवर कापड विणून घेऊन आपल्या छापाने विकलं. ही सोय तात्पुरती राहिली नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी इथे आधीपासून माग होते. आता गिरणीचा विणाईचा भाग तिकडे सरकत गेला. एका मोठ्या शेडमध्ये हजार साचे ठेवायचे, त्यांच्यासाठी कँटीन, दवाखाना, पाळणाघर, बोनस, सुट्ट्या असं सगळं सांभाळायचं, त्यापेक्षा चार-सहा मागांच्या शेकडो छोट्या कारखान्यांकडून मीटरवर कापड घेणं स्वस्त. छोट्या कारखान्याला फॅक्टरी कायदा लागूच होत नव्हता, किंवा लागू होऊ दिला जात नव्हता. जून १९८५ च्या कापड धोरणाने या वाटेवर शिक्का मारला. यंत्रमागाला मोकळीक, आणि न चालणाऱ्या गिरणीला बंद व्हायची मुभा. दोन हजार सालानंतर देशात विणल्या जाणाऱ्या कापडात गिरण्यांचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास उरला.

म्हणजे देशाच्या पातळीवर पाहिलं तर कापड उद्योगाचा रोजगार बुडालाच नाही. तो जागा बदलून, कपडे बदलून उभा राहिला. आठ तासांची पाळी बारा तासांची झाली. महिन्याचा पगार जाऊन पिकावर, म्हणजे धोट्याच्या फेऱ्या मोजून, मजुरी आली. प्रॉव्हिडंट फंड, ईएसआय, ग्रॅच्युइटी हे शब्द गेले.

तात्या १९८४ मध्ये आठ महिने भिवंडीत माग चालवून आले. गिरणीत त्यांच्याकडे चार साचे असायचे, इथे आठ. शेड म्हणजे पत्र्याचं छप्पर, धोट्याचा अखंड खडखडाट, हवेत कापसाचं पिंजण आणि मध्येच जाणारी वीज. वीज गेली की मजुरी बंद, पण बाहेर जायचं नाही, ती कधी येईल सांगता येत नाही. तिथेही वाटच बघायची. आजूबाजूचे कामगार उत्तर प्रदेशातले, तेलंगणातले, पंचवीसच्या आतले. तात्या अडतीस वर्षांचे. साचेवाला म्हणून त्यांचा हात कुणापेक्षा कमी नव्हता. तुटलेला धागा ते बोलता बोलता जोडत. पण त्या कौशल्याची किंमत आता बारा तास उभं राहण्याच्या ताकदीवर ठरत होती. मे १९८४ मध्ये भिवंडीत दंगल पेटली, महिनाभर काम थांबलं, तात्या घरी आले, नंतर काही आठवडे पुन्हा गेले आणि शेवटी कायमचे परतले.

'कौशल्य असलं की माणूस दुसरीकडे लागतो' हे वाक्य अर्थशास्त्राच्या चर्चेत सहज येतं. इथे कौशल्याला मागणी होती, चाळीस किलोमीटरवर होती, आणि तरी ते माणसाला तारू शकलं नाही.

काकूंची वही

गिरणगाव प्रत्यक्षात कसं तगलं, हे मी काकूंच्या वहीत पाहिलं. निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी. संपाआधी त्या अकरा गिरणीवाल्यांची खानावळ चालवत. वहीत प्रत्येकाचं एक पान, महिन्याला एक ओळ, पुढे 'जमा'. जानेवारी १९८२ नंतर त्या ओळींपुढे 'जमा' येईनासं झालं. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल नुसते आकडे. मे महिन्यात सात पानांवर आडवी रेघ आणि 'गावी गेले'. काकूंनी पैसे मागितले नाहीत. मागून कुठून देणार, हे त्यांना घरातच दिसत होतं: नवराही त्याच संपात.

बेकारीचा दुसरा घाव असा खाली उतरतो. गिरणी कामगाराचं नाव निदान कुठल्या तरी मस्टरवर होतं, त्याच्यासाठी मोर्चे निघत होते. खानावळवालीचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. तिला कुणी बेकार म्हणालं नाही, कारण आधी तिला कुणी कामगार म्हटलं नव्हतं. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं, ते याच खानावळवाल्यांसाठी. त्यांना बँकेचं कर्ज मिळवून देणं, सावकाराच्या हातून सोडवणं हे काम संपाच्या आधीच सुरू झालं होतं, म्हणून संपानंतर काही जणींना आधार मिळाला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात जे वेळेवर झालं ते एवढंच, आणि ते एका गोवा मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्तीने आणि स्वयंपाक करणाऱ्या बायकांनी केलं.

काकूंनी पोळ्या लाटायला घेतल्या. आधी एका दुकानासाठी, मग फोर्टमधल्या ऑफिसांचे डबे. १९८६ पर्यंत घराचं भाडं, दोन मुलांची शाळा आणि गावची मनीऑर्डर, सगळं काकूंच्या पोळपाटावर चालत होतं. तात्या डबे पोचवत, पण ते 'गिरणीत आहेत' असंच काकू सगळ्यांना सांगत. त्यांना खोटं बोलायचं नव्हतं. गिरणीने काढलंय असं कुणी कळवलेलंच नव्हतं ना.

न बंद झालेली गिरणी

पुढची पंधरा वर्षं गिरण्या बंद पडत गेल्या, पण 'बंद' झाल्या नाहीत. औद्योगिक विवाद कायद्याच्या २५-ओ कलमाखाली मोठा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागायची, आणि परवानगी घेतली की कामगारांची देणी द्यावी लागायची. त्याऐवजी सोपा मार्ग निघाला. वीजबिल थकवायचं. वीज तुटली की काम थांबतं. गिरणी कागदावर चालू, कामगार मस्टरवर, पगार नाही. मग आजारी उद्योगांच्या मंडळाकडे, म्हणजे बीआयएफआरकडे, प्रकरण. तिथे सुनावण्या, पुनर्वसनाचे आराखडे, तारखा.

याच काळात केंद्राने एक चांगली योजना आणली होती. सप्टेंबर १९८६ पासूनचा कापड कामगार पुनर्वसन निधी. कायमच्या बंद झालेल्या गिरणीच्या कामगाराला पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के. कल्पना सरळ होती: तीन वर्षांत माणसाने दुसरं काम शोधावं, तोवर आधार. पण अट 'कायमची बंद' ही होती आणि जून १९८५ नंतर बंद पडलेल्या गिरण्यांपुरतीच ती होती. १९८३ मध्ये ज्यांना परत घेतलं नाही ते तारखेने बाहेर. नंतर ज्यांची गिरणी वीज तोडून थांबली ते 'कायमची बंद' या शब्दाने बाहेर. १९८९ साली दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंद गिरणी कामगार संघर्ष समिती काढली, तेव्हा त्यांच्या मागण्यांतली मोठी मागणी हीच होती, की गिरणी एक तर चालवा, नाही तर बंद झाली म्हणून सांगा आणि आमची देणी द्या.

इथे अहमदाबादचं उदाहरण माझ्या मताला थोडं आडवं जातं, म्हणून ते सांगणं भाग आहे. तिकडे गिरण्या रीतसर अवसायनात, म्हणजे कायद्याने दिवाळ्यात, निघाल्या, आणि या निधीचा लाभ घेणारे गुजरातेत पुष्कळ निघाले. तरीही तिथला गिरणी कामगार रिक्षा, हातगाडी, बांधकाम, रोजंदारी याच वाटेला लागला. म्हणजे नोकरी गेल्याचं वेळेवर कबूल केलं, थोडे पैसे हातात दिले, एवढ्याने चांगलं काम मिळत नाही. चांगलं काम तिथे उरलंच नव्हतं. मी फक्त इतकंच म्हणेन, की पस्तिसाव्या वर्षी रिक्षाचा परवाना काढणं आणि सेहेचाळिसाव्या वर्षी काढणं यात फरक आहे. मधली अकरा वर्षं कामगाराच्या हातून गेली. ती कायद्यातल्या एका शब्दाने घेतली.

जमीन सावरली

१९९१ साली मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीसाठी ५८ वा नियम आला. गिरणीने जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, आणि एक तृतीयांश मालकाला. त्या पैशातून गिरणी सुधारावी आणि कामगारांची देणी द्यावीत, अशी अपेक्षा. त्या काळात ही वाटणी बरीच न्याय्य होती, असं मला वाटतं. पण २००१ मध्ये नियम बदलला. तीन वाटे पूर्ण जमिनीचे न राहता फक्त मोकळ्या जमिनीचे झाले. ज्या जमिनीवर शेड उभी आहे ती वगळली गेली. गिरणीत मोकळी जमीन असते तरी किती? गिरणी म्हणजेच शेड. उच्च न्यायालयाने २००५ साली हा अर्थ फिरवला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला.

२००५ मध्येच सरकारी गिरण्या सांभाळणाऱ्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने मुंबईतल्या पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या. दादरची कोहिनूर क्रमांक ३ गेली ४२१ कोटींना, लोअर परळची मुंबई टेक्स्टाइल ७०२ कोटींना. फिनिक्स मिलच्या आवारात त्याआधीच बोलिंगची गल्ली आणि दुकानं आली होती. पाठोपाठ वाहिन्यांची कार्यालयं, बँका, जाहिरात कंपन्या, कॉल सेंटरं.

इथे नोकऱ्या आल्या, भरपूर आल्या. गिरण्यांत होती त्याहून जास्त माणसं आज त्या पट्ट्यात कामाला येत असतील. कुणीही या भागाचा आलेख काढला तर तो १९८२ ला खाली आणि २००५ नंतर वर असाच दिसेल. पण ती माणसं अंधेरीहून, ठाण्याहून, पुण्याहून आली. गिरणगावातल्या मुलांना मिळालं ते सिक्युरिटीचं, हाउसकीपिंगचं, मॉलमधल्या काउंटरचं, कुरिअरचं काम. तात्यांचा थोरला मुलगा पदवीधर, तो एका मॉलमध्ये बारा तास उभा राहायचा, ठेकेदाराच्या पगारावर. ज्या कंपाउंडच्या भिंतीला टेकून त्याचे वडील बदलीच्या रांगेत उभे राहिले, तीच ती जागा. फरक असा, की वडिलांना बदलीतून कायम होण्याची वाट निदान होती. तात्या नऊ वर्षांनी कायम झाले होते. मुलाच्या कामात 'कायम' हा शब्दच नाही.

काही मुलं वाईट मार्गालाही लागली. नव्वदीच्या सुरुवातीला गिरणगावातल्या टोळ्यांना मुलं कमी पडत नव्हती, आणि जमिनीच्या वादात गोळ्या झाडल्या जात होत्या. १९९४ मध्ये खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांची भर रस्त्यात हत्या झाली. १६ जानेवारी १९९७ ला पवईत डॉ. सामंतांची. संप सुरू झाल्याच्या तारखेला पंधरा वर्षं पुरी व्हायला दोन दिवस होते. रोजगार कोसळल्यावर रिकामी झालेली जागा कुणीतरी भरतं, आणि ते नेहमीच चांगलं काम देणारं असतं असं नाही.

धाकटा मुलगा नालासोपाऱ्याला गेला. चाळीतली निम्मी बिऱ्हाडं अशीच विरार, दिवा, बदलापूरला गेली. माणसं कमी झाली, गिरणगावाची आकडेवारी सुधारली.

घरासाठीची रांग

गिरण्यांच्या जमिनीवरच्या म्हाडाच्या वाट्यातून कामगारांना घरं द्यायची, हे संघर्षातून मान्य झालं. पहिली सोडत जून २०१२ मध्ये निघाली, ६,९२५ घरांची, साडेसात लाख रुपयांना एक. २०१६ मध्ये दोन सोडती झाल्या, १ मार्च २०२० ला आणखी एक. चारही मिळून १५,८७० घरं. अर्ज पावणेदोन लाखांच्या घरात. पनवेलजवळच्या कोनच्या घरांची सोडत २०१६ ला लागली, पण ताबा मिळता मिळता वर्षं गेली. मध्ये कोविडच्या काळात ती घरं विलगीकरणासाठी घेतली गेली.

पात्र कोण? १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर जो गिरणीच्या सेवेत होता तो, किंवा त्याचा वारस. पुरावा म्हणून तिकीट नंबर, ईएसआयचं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर, हजेरीपत्रक, पगाराची चिठ्ठी. ज्या संपाने लाखभर माणसांना परत घेतलं नाही त्याच्या सुरुवातीची तारीख आता घरासाठी कामाला येत होती.

तात्या २००९ साली गेले. शेवटची सोळा वर्षं ते दादरला एका सोसायटीत वॉचमन होते, रात्रपाळीला. वारस म्हणून काकूंनी अर्ज भरला. कागदपत्रांच्या छाननीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेलो. त्यांनी तात्यांची गावकीच्या खोलीतली पत्र्याची पेटीच सोबत आणली होती. रांगेत आमच्या पुढे साठ-सत्तर जण, बहुतेक बायका, बहुतेक सत्तरीच्या पुढच्या, प्रत्येकीच्या हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत पिवळे पडलेले कागद. एकीने नवऱ्याचा पितळी बिल्ला रुमालात बांधून आणला होता.

आमचा नंबर दुपारी लागला. काकूंनी पेटीतून आधी बदली कार्डं काढली. नऊ वर्षांची, काम न मिळालेल्या दिवसांच्या शिक्क्यांनी भरलेली. टेबलापलीकडच्या मुलाने ती बाजूला सारली, म्हणाला, "आजी, ही ब्याऐंशीच्या आधीची आहेत, चालणार नाहीत." मग त्यांनी खालून एक चिठ्ठी काढली, बोटभर रुंद, शाई उडालेली, लॅमिनेट करून ठेवलेली. जानेवारी १९८२ ची पगारचिठ्ठी. हजेरी : दिवस चौदा.

मुलाने ती उजेडात धरली, तिकीट नंबर दोनदा वाचला, आणि टाइप करायला घेतला.